दैनंदिन जीवनातील आत्मसंयम : खाऊच्या डब्यापासून पंचशीलापर्यंत

आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा आरंभ होतो आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अनेक उपासक-उपासिका पौर्णिमेस व अष्टमीस अष्टशील ग्रहण करतात आणि त्या दिवशी माध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत. बीड जिल्ह्यात मात्र वर्षावासाच्या समाप्तीला आणखी एक अर्थ आहे. ग्रंथसमाप्तीची खीर वाटून होते न होते तोच ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याची लगबग सुरू होते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई या तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या बाजूला आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. ती परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. ज्यांची मुले आमच्या वसतिगृहात आहेत, ते निघण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन जातात. मुलाच्या पेटीत एक पत्र्याचा डबा ठेवला जातो. त्यात शेव, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, क्वचित चार करंज्या असतात. निघताना आई सांगते, “पुरवून खाय बरं बाळा.”

आत्मसंयमाचा संपूर्ण विषय त्या माउलीच्या ‘पुरवून खाय’ या दोन शब्दांत सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते. आजचा थोडा उद्यासाठी राखून ठेवणे, समोर असलेल्या गोष्टीला हात न लावता दूरच्या गोष्टीसाठी थांबणे, याहून संयम वेगळा तो कोणता? परंतु हे दोन शब्द समजून घेण्यास आम्हां शिक्षकांना पुष्कळ वर्षे लागली, हे आधीच कबूल केलेले बरे.

कित्येक वर्षे आमचा एक ठाम समज होता. ज्या मुलाचा डबा संक्रांतीपर्यंत पुरतो तो संयमी, आणि ज्याचा डबा दोन दिवसांत रिकामा होतो तो हावरा. पहिल्याचे परिपाठाच्या वेळी कौतुक व्हावयाचे, दुसऱ्यास चार शब्द ऐकावे लागायचे. एका वर्षी इयत्ता पाचवीतील एका विद्यार्थ्याने आपला डबा दोन रात्रींत, पांघरुणाखाली बसून संपविला. त्याचे पोट बिघडले, म्हणून ही गोष्ट आमच्या कानी आली. आम्ही त्यास सर्वांसमोर उभे केले, शेजारच्या मुलाचा भरलेला डबा दाखविला आणि संयम या विषयावर एक छोटेसे व्याख्यानही दिले. मुलगा मान खाली घालून उभा होता. तो एक शब्दही बोलला नाही.

पुढे काही दिवसांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींनी त्याला सहज विचारले, तेव्हा तो बोलला. “मागल्या बारीला ठेवला होता मावशी, तर मोठ्या पोरांनी संपवला. अन् आई संक्रांतीला येते म्हणली होती, ती बी आली नाही.”

आम्ही ज्यास हावरटपणा म्हणत होतो, तो त्या मुलाचा अनुभवातून आलेला हिशेब होता. राखून ठेवलेले राहत नाही आणि येतो म्हणालेले माणूस येत नाही, एवढे त्याला दहाव्या वर्षी कळून चुकले होते. मोठ्या मुलांनी डबा संपविला हा दोष आमच्या देखरेखीचा होता. आई आली नाही यात त्या आईचा दोष नव्हता. फड सुरू असताना एक दिवस जरी गावाकडे जायचे म्हटले, तरी मुकादमाची परवानगी लागते, कोयत्याचा खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातील एक माणूस निघाले की दुसऱ्याचेही काम थांबते. हे सारे त्या मुलास कोणी समजावून सांगितलेच नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की संक्रांत आली आणि गेली.

या प्रसंगानंतर आम्ही संयमाविषयी जे काही थोडेफार वाचले, त्यातील एक-दोन गोष्टी पालकांसमोर व माजी विद्यार्थ्यांसमोर ठेवाव्यात, हा या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यापुढे जे प्रयोग केले, ते आता जगभर प्रसिद्ध आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, “आता खाल्लास तर हा एकच, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन.” काही मुले थांबली, काही थांबली नाहीत. पुढे अशी मुले मोठी झाल्यावर त्यांची माहिती गोळा करण्यात आली, तेव्हा जी अधिक वेळ थांबली होती ती अभ्यासात व वागणुकीत पुढे असल्याचे दिसले. त्यावरून जगाने एक सोपे सूत्र काढले : जो लहानपणी थांबू शकतो तो आयुष्यात यशस्वी होतो. आमचे परिपाठातील व्याख्यान याच सूत्राचे भावंड होते.

परंतु मिशेल यांचे स्वतःचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होते, ते म्हणजे थांबणारी मुले नेमके काय करतात. ती दात-ओठ खाऊन खाऊकडे टक लावून बसत नव्हती. ती डोळ्यांवर हात घेत, पाठ फिरवीत, गाणी म्हणत, पायांशी खेळत. खाऊ झाकून ठेवला की तीच मुले कितीतरी अधिक वेळ थांबत. म्हणजे जिंकणारी मुले मोहाशी झुंजत नव्हती; मोह नजरेआड करण्याची युक्ती त्यांना साधली होती.

आमच्या पाचवीच्या विद्यार्थ्याचा उलगडा करणारा प्रयोग मात्र पुढच्या काळातला आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांवर केलेला हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खाऊ समोर ठेवण्यापूर्वी त्यांनी मुलांना चित्रकलेस बसविले आणि “थोडे थांबा, याहून चांगले रंग आणून देते” असे सांगितले. निम्म्या मुलांना खरोखर चांगले रंग आणून दिले. उरलेल्या निम्म्यांकडे बाई हात हलवीत परत आल्या. रंग संपले, म्हणाल्या. त्यानंतर खाऊची परीक्षा झाली. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याशी पाळला गेला नव्हता ती सुमारे ३ मिनिटे. दोन्ही गटांतील मुले सारखीच होती. फरक होता तो मोठ्या माणसाच्या शब्दाचा. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही असे दिसून आले की, घरची परिस्थिती हिशेबात धरली की ‘थांबणे’ आणि पुढील यश यांतील संबंध बराच क्षीण होतो.

आता डब्यावरून उचलीकडे येऊ, कारण हा प्रश्न केवळ मुलांचा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. रक्कम एकदम हाती येते, तीही पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत. त्याच वेळी दवाखाना, लग्न, जुने देणे, घराचे पत्रे, पोरांची पुस्तके असे सारे खर्च दारात उभे असतात. दोन महिन्यांत उचल संपते आणि पुढले सहा महिने ती फेडण्यात जातात. हे पाहून बाहेरची शिकलेली माणसे, आणि सांगावयास संकोच वाटतो, आपल्यातील शिकून पुढे गेलेली माणसेही, चटकन म्हणून जातात : “या लोकांना पैसा टिकवताच येत नाही.”

त्यांच्यासाठी तमिळनाडूतील एक अभ्यास सांगण्याजोगा आहे, आणि योगायोगाने तोही उसाशीच निगडित आहे. तेथील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची संशोधकांनी दोनदा चाचणी घेतली : एकदा तोडणीपूर्वी, हात रिकामा असताना, दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. चाचणीत तर्काचे प्रश्न होते आणि मनाचा पहिला आवेग आवरून बरोबर उत्तर देण्याचीही परीक्षा होती. शेतकरी तोच, डोके तेच. तरीही तोडणीपूर्वीची कामगिरी तोडणीनंतरच्यापेक्षा स्पष्टपणे खालची होती. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओढगस्तीची चिंता मनाचा मोठा हिस्सा अडवून बसते. मग विचार करण्यास व मन आवरण्यास जे उरते ते अपुरे पडते. ज्यांच्या शेतातील उसाचे पैसे वर्षाने का होईना हाती येतात त्यांची ही कथा. जो त्या उसावर कोयता चालवितो आणि ज्याचे पैसे आधीच खर्च झालेले असतात, त्याच्या मनावरील ओझ्याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. परिस्थितीच जर संयम घडवीत वा मोडीत असेल, तर माणसाच्या हाती काय उरले? मग शील कशासाठी घ्यावयाचे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी न करण्याची, असत्य न बोलण्याची, व्यभिचार न करण्याची आणि मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी समोर बसलेला समाज दारिद्र्याने गांजलेला होता. परिस्थिती सुधारेल तेव्हा शील पाळा, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. आणि परिस्थिती सुधारण्याचा लढाही त्यांनी क्षणभर थांबविला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच हाताने चालल्या होत्या.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील १९१७ ते १९२३ हा कालखंड या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहण्यास जागा मिळेना. अपमान सोसून ते मुंबईस आले. १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. चांगला पगार होता, घरी गरज होती आणि पगार तेथेच संपविला असता तर कोणी दोषही दिला नसता. परंतु पगारातील पैसा बाजूला पडत गेला. त्याला राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांची जोड मिळाली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे अर्धपोटी राहून त्यांनी ग्रंथालयांत दिवसचे दिवस काढले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या मिळविल्या. मधल्या काळात त्यांनी बॅरिस्टरीही पूर्ण केली. इकडे रमाईंनी तुटपुंज्या पैशांत संसार रेटला. या संयमाचा अर्धा हिस्सा त्यांचा आहे, हे आपण सांगावयास विसरतो.

बारकाईने पाहिले तर या कथेत तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात : आधी ठरलेले स्पष्ट उद्दिष्ट, मोह होण्यापूर्वीच बाजूला पडणारा पैसा, आणि शब्द पाळणारी माणसे. यातील तिसरी गोष्ट बहुधा आपल्या हाती नसते. पहिल्या दोन मात्र शीलाच्या कक्षेत येतात.

पंचशीलाचे प्रत्येक वचन हे ‘शिक्षापद’ आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. पद म्हणजे पाऊल. ते कोणी वरून दिलेले फर्मान नव्हे. शिकण्याच्या वाटेवरचे एकेक पाऊल मी आपणहून उचलतो, असे म्हणणारा म्हणत असतो. शिकणाऱ्याचे पाऊल घसरते, तो पुन्हा उचलतो. म्हणूनच पंचशील जन्मात एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा ग्रहण केले जाते. दुसरी गोष्ट अशी की हे पाऊल मोह समोर येण्यापूर्वी उचललेले असते. धारूरच्या घाटात उसाची गाडी उतरविणारा गाडीवान उतार लागण्याआधीच कासरे आवळून धरतो. अर्ध्या उतारावर बैल उधळल्यावर कासरा ओढून उपयोग नसतो. रोज सायंकाळी “आज घ्यावी की न घ्यावी” असा मनाशी वाद घालणारा मनुष्य रोज अर्ध्या उतारावर उभा असतो. ज्याने शील घेतले त्याचा तो वाद आधीच मिटलेला असतो, आणि वाद मिटल्यामुळे त्याची शक्तीही वाचते.

पाचव्या शीलात मद्याला ‘प्रमादाचे स्थान’ म्हटले आहे. मद्य अपवित्र आहे असे तेथे म्हटलेले नाही. त्याने सावधपण जाते आणि सावधपण गेले की बाकीची चारही शीले उघड्यावर पडतात, असा तो कार्यकारणभाव आहे. याची आधुनिक साक्ष चेन्नईत सापडते. फ्रँक शिलबाख या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील २२९ सायकलरिक्षा चालकांसोबत तीन आठवडे एक प्रयोग केला. दिवसा शुद्धीवर राहिल्यास काहींना अधिक पैसे देण्यात आले. त्यांची दिवसाची दारू कमी झालीच, पण त्यांची बचत जवळजवळ निम्म्याने वाढली. ही वाढ केवळ दारूचे वाचलेले पैसे जमा करून होत नव्हती. शुद्धीवर असलेला मनुष्य इतर बाबतींतही उद्याचा विचार करू लागला होता. गावातील ज्या बहिणींनी दारूबंदीसाठी ग्रामसभा गाजविल्या, त्यांना हे समजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती, हेही खरे.

त्याच बहिणी भिशी आणि बचत गट चालवितात. तोही आधी घेतलेल्या निर्णयाचाच प्रकार आहे. पैसे हातात आहेत तोवर ते दुसऱ्याच्या पेटीत टाकावयाचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात आपलेच मन आडवे आले तरी ते काढता येत नाहीत. फिलिपिन्समधील एका बँकेने, ठरविलेली तारीख वा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत अशी खाती काही ग्राहकांना देऊ केली, तेव्हा त्यांची बचत बरीच वाढली. आमच्या वाड्यावस्त्यांत हे शास्त्र भिशीच्या नावाने पूर्वापार चालत आले आहे.

येथवर संयमाची बाजू मांडली. आता संयमाच्या नावाखाली जो अतिरेक होतो त्याविषयी थोडे. मराठीत ‘मन मारणे’ आणि ‘मनाला मुरड घालणे’ असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, आणि आम्ही पुष्कळदा मुलांना पहिला शिकवितो व दुसरा शिकविला असे समजतो. करंजीला मुरड घालतात ती सारण बाहेर सांडू नये म्हणून. सारण काढून टाकण्यासाठी नव्हे. मारलेले मन एक तर कोमेजते, नाही तर संधी मिळताच पांघरुणाखाली डबा संपविते. सिद्धार्थ गौतमांनी स्वतः सहा वर्षे देह झिजवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला. सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आमच्या वसतिगृहात दरवर्षी सांगितली जाते. श्रीमंत घरात, लाडाकोडात वाढलेला सोण प्रव्रज्येनंतर इतक्या कठोरपणे चंक्रमण करू लागला की त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढे करूनही काही साधत नाही असे पाहून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा भगवंतांनी त्यास विचारले की, तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा कशी वाजे? आणि अगदी सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर ठाऊकच होते. पहाटे चारला उठून दहावीच्या मुलास पुस्तकापुढे बसविणाऱ्या आणि त्याच्या झोपेचा हिशेब न ठेवणाऱ्या पालकांना आम्ही ही कथा मुद्दाम सांगतो. काही पालक ऐकतात. काही म्हणतात, “गुरुजी, शेजारच्याचं पोरगं तीनला उठतं.”

मन न मारता त्याच्याकडे पाहण्याचा सराव म्हणून आमच्याकडे सकाळी दहा मिनिटे आनापान असते. सत्यनारायण गोएंका यांनी म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही विद्या घेतली, १९६९ साली ती भारतात आणली आणि पुढे इगतपुरी येथील धम्मगिरीवरून तिचा प्रसार झाला. रीत सोपी आहे : डोळे मिटून, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणावयाचा, मन भटकले की रागावता परत आणावयाचे नाही, नुसते परत आणावयाचे. पहिल्या आठवड्यात निम्मी मुले पेंगतात, उरलेल्यांच्या नाकाला खाज सुटते. आनापानाने मुले एकदम शांत होतात असा दावा आम्ही करणार नाही. परंतु काही महिन्यांनी एखादा मुलगा सांगतो, “सर, राग येताना आधी कान गरम होतात.” एवढे कळले तरी पुष्कळ झाले. राग आल्यावर त्याला आवरणे कठीण; राग येत आहे हे कान गरम होताच ओळखले, तर उठून हौदावर पाणी पिण्यास जाण्याइतका अवकाश मिळतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा ‘जेव्हा-तेव्हा’ पद्धतीच्या संकल्पांचा अभ्यास केला आहे. “मी रागावणार नाही” या मोघम निश्चयापेक्षा “जेव्हा कान गरम होतील तेव्हा मी हौदावर जाईन” हा नेमका निश्चय अधिक वेळा पार पडतो. आमच्या मुलांनी तो स्वतःहून शोधला, म्हणून त्याचे कौतुक अधिक.

माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न निराळा आहे आणि तो बहुतेकांच्या खिशातच असतो. चाकणला कंपनीत लागलेला एक विद्यार्थी गेल्या वर्षी भेटावयास आला. म्हणाला, “सर, पंचशील रोज म्हणतो, दारूला शिवलो नाही, पण रात्री दोन-दोनपर्यंत मोबाईल सुटत नाही. सकाळी मशीनवर डोळे मिटतात.” मशीनवर डोळे मिटणे ही थट्टेची बाब नव्हे, त्यात बोट जाऊ शकते, हातही जाऊ शकतो. आम्ही त्यास विचारले, मोबाईल चार्जिंगला कोठे लावतोस? उशाशी. का? गजर लावावा लागतो. आम्ही सुचविले की साधे गजराचे घड्याळ घ्यावे आणि मोबाईल स्वयंपाकघरात ठेवावा. महिन्याने त्याचा फोन आला. चार दिवस जमले, पाचव्या रात्री तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि तेथेच ओट्याला टेकून तासभर मोबाईल पाहत बसला! आम्ही हसलो, तोही हसला. मग त्याने खोलीतील मित्राशी ठरविले की रात्री दहानंतर दोघांचे मोबाईल एका कपाटात आणि किल्ली मित्राकडे. अधूनमधून नियम मोडतो, असे तो सांगतो. पण मशीनवर झोप येत नाही.

या उदाहरणात विशेष काही नाही, हेच त्याचे महत्त्व. मिशेल यांच्या प्रयोगातील मुलांनी खाऊ झाकला, याने मोबाईल झाकला. मात्र ज्या घरात वडील जेवताना मोबाईल पाहतात आणि मुलाला “अभ्यासाला बस, तो मोबाईल ठेव” म्हणून दटावतात, तेथे ही युक्ती चालत नाही. तेथे मुलगा पुन्हा तोच धडा शिकतो, जो आमच्या पाचवीच्या विद्यार्थ्याने शिकला होता : मोठ्यांच्या शब्दात काही अर्थ नसतो.

त्या विद्यार्थ्याच्या निमित्ताने वसतिगृहात जे बदल झाले ते थोडक्यात नोंदवितो. प्रत्येक पेटीला कुलूप आले आणि किल्ली मुलाच्या गळ्यात आली. खाऊची एक वेळ ठरली, सायंकाळी खेळ संपल्यानंतरची. त्या वेळी सर्वांनी आपापले डबे उघडावयाचे, ज्यांच्याकडे डबा नाही त्यांना शाळेकडून मूठभर फुटाणे-गूळ. डब्यावरून कोणाचे कौतुक नाही, कोणास बोल नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आई-वडिलांच्या येण्याची तारीख पक्की झाल्याखेरीज मुलास सांगावयाची नाही. येणे रद्द झाले तर त्याच दिवशी, कारणासह सांगावयाचे. “आईला खाडा पडतो, म्हणून ती येऊ शकत नाही, रविवारी चार वाजता तिचा फोन येईल,” एवढे स्पष्ट सांगितले की मूल रडते, परंतु रविवारी चार वाजता फोनपाशी येऊन बसते. आणि फोन आला की पुढच्या रविवारपर्यंत थांबते. डबे पूर्वीपेक्षा अधिक दिवस पुरतात असे मावशींचे निरीक्षण आहे. आम्ही मोजमाप केलेले नाही.

तेव्हा पालकांस एक विनंती. यंदा टोळी निघण्यापूर्वी शाळेत याल, तेव्हा कार्यालयातील नोंदवहीत तीन गोष्टी लिहून जाव्यात : टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार, फडावर कोणाच्या फोनवर निरोप पोहोचेल, आणि आठवड्यातील कोणत्या दिवशी किती वाजता आपण खात्रीने फोन करू शकाल. लिहिता येत नसेल तर मावशी लिहून घेतील. जी वेळ पाळता येणार नाही ती लिहू नये. महिन्यातून एकदाच जमणार असेल तर तसे लिहावे. ती वेळ आम्ही मुलाच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवितो, डबा उघडताना त्याला दिसेल अशी.